नांदेडची गाडी

"घंटी मारू नका वो! मला उतरू द्या!"

नांदेडची गाडी लातूरच्या स्टँडातून अजून हललीही नव्हती. चांगुणा सीटवरून उठून उभी राहिली होती. छाती धडधडत होती, बोटांना मुंग्या आल्या होत्या, श्वास घशातच अडकत होता. सकाळी नांदेडजवळच्या मुदखेडहून तार आली होती. तिच्या आईचं, पारूबाईचं, आता काही खरं नव्हतं.

"बस गं," नवरा शेषेराव हलकेच म्हणाला. "मी हाय की. काळीज ठणठणीत हाय म्हणले ना डॉक्टर?"

"कळतंय मला. पर मरते मी इथं. खरंच मरते वो."

हीच चांगुणा एके काळी औशाच्या दवाखान्यात नर्स होती. आईनं मजुरी करून शिकवलेली, बौद्धवाड्यातली पहिली नोकरदार बाई. रानावनातून एकटी जाऊन बाळंतपणं करायची. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला निघालेल्या माणसांनी खचाखच भरलेल्या गाडीत तिला पहिल्यांदा असं झालं. अर्ध्या तासात निवळलं. तपासणीत काही निघालं नाही. पण पुन्हा होईल या धास्तीनं तिनं दुसऱ्या दिवशी ती गाडी टाळली. टाळलं की जिवाला बरं वाटे. मग बाजार टाळला, लग्नं टाळली, पटकन बाहेर पडता येणार नाही अशी एकेक जागा टाळली. शेवटी नोकरीही सुटली. यंदा लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, शहर चहूकडे पसरलं. चांगुणाचं लातूर मात्र एका गल्लीएवढं उरलं.

"तू नको यीऊस माय, मीच येते," म्हणत आईच येत राहिली. दोन वर्षांमागं तिचे गुडघे गेले. तेव्हापासून मायलेकींची भेट नव्हती.

"बाई, बसायचं का उतरायचं?" कंडक्टर वैतागला. "एक कायतरी करा."

चांगुणा उतरली. पाय जमिनीला लागताच श्वास मोकळा झाला. त्या मोकळ्या श्वासाचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

शेषेरावही पिशवी घेऊन मागोमाग उतरू लागला.

"तुमी जावा," ती म्हणाली. "एकानं तरी जावं."

गाडी गेली. भिंतींना हात लावत लावत घर गाठायला तिला तासभर लागला.

शेषेराव माती उरकून तिसऱ्या दिवशी परतला. दारातच उभा राहिला.

"मी पोचलो तवा सुदीत होत्या," तो म्हणाला.

"मला इचारलं?"

"हाव. 'चांगुणा आली का?' म्हणल्या."

"तुमी काय सांगितलं?"

शेषेरावानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "रस्त्यात हाय म्हणलं. गाडीला उशीर झाला."

"मग?"

"मग म्हणल्या, येऊ द्या सावकाश. पोरीला गाडीत लई तरास होतो."

आत जाऊन चांगुणानं तांब्या भरून आणला आणि खाली बसून मुदखेडची माती लागलेल्या त्याच्या पायांवर हळूहळू पाणी घालू लागली.