बॉयलरचा लाल दिवा

आमच्या घरात आंघोळीचा एकच नियम. आधी पाणी तापवायचा विजेचा बॉयलर बंद करायचा, मगच आत पाय टाकायचा. बटण बाथरूमच्या बाहेर, बोळात. त्याच्यावर लाल दिवा. चाचाक गावात घरोघरी हेच. आणि माझा तिहोमीर तर तीस वर्षं कारखान्यात वायरमन. पाणी आणि करंट यांची गाठ पडू द्यायची नाही, हे तो जेवताना सुद्धा ऐकवायचा.

त्या शनिवारी बटण मी बंद केलं. दिवा विझलेला डोळ्यांनी पाहिला. "बंद आहे रे!" म्हणून ओरडले, तेव्हा तो आत गेला.

बऱ्याच वेळाने हाक मारली तर ओ नाही. त्याने पढवल्याप्रमाणे मी आधी घराचा मेन स्विच पाडला, मग दार ढकललं. तो टबात, हात नळावर. दंडाला धरून ओढलं तर मलाही झिणझिण्या आल्या. मेन पाडलेला असताना! हे मी डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "धक्का बसलाय तुम्हाला, असं वाटतं."

तो गेला, तेव्हापासून मी रडले नाही. रडूच येईना, काय करू? कॉफी प्यायची, ती कडू लागत नव्हती. आम्ही दोघी पातेल्यात पाणी तापवून अंग पुसायचो. दोघी म्हणजे मी आणि सासूबाई, देसांका. वय ब्याऐंशी. त्यांचं रोजचं एकच पालुपद:

"स्लाव्का, दिवा चालू होता का गं?"

"बंद होता, आई."

"नक्की?"

"किती वेळा सांगू? मी मारलं का त्याला?"

अख्खी बिल्डिंग जिन्यात हेच विचारायची. माझ्यावरच संशय, दुसरं काय! मनातून मी सासूबाईंना फार शिव्या घातल्या.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आदल्या दिवशी क्रस्ता आला, तिहोमीरचा कारखान्यातला जोडीदार. झिणझिण्यांची गोष्ट त्याने एकट्याने मनावर घेतली. मेन पाडला, नळाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"वहिनी, हा करंट तुमच्या घरातला नाहीच."

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे, मिलुनकडे गेलो. त्याची बायको म्हणते, "हो ना, आमच्याकडेही पाणी चावतं दोन महिने. आम्ही रबरी सपाता घालून आंघोळ करतो."

"मग सांगायचं होतंस की, बये!" मी ओरडले. तिने सपाता दाराआड सारल्या.

क्रस्ताने त्यांच्या बॉयलरचं झाकण काढलं. जुनी बिल्डिंग, अर्थिंग नाही, म्हणून अर्थची तार पाण्याच्या पाइपाला बांधलेली. पूर्वी पाइप लोखंडी, थेट जमिनीत. गळका करंट मातीत जायचा. शरद ऋतूत तळघरातला पाइप आम्ही सगळ्यांनी मिळून प्लॅस्टिकचा केला. आता करंटला खाली वाट राहिली नाही. तो वर चढला, आमच्या नळात येऊन बसला.

तारेवर हिरवी टेप, तीन वेढे, टोक आत दुमडलेलं. माझ्या घरातल्या, तिहोमीरने ओढलेल्या प्रत्येक वायरला तसंच आहे.

"तेव्हा सगळेच असं करायचे, वहिनी," क्रस्ता हळूच म्हणाला. "त्याची चूक नाही."

मी मान हलवली. मला काही वाटलं नाही. खरंच सांगते, काही म्हणजे काही वाटलं नाही.

घरी सासूबाई उद्याच्या विधीला शिजवून वाटायचे गहू निवडत होत्या. मी बसले. सांगणारच होते, अगदी तोऱ्यात, की बघा, मी नाही मारलं. तोच त्या ताटाकडे बघत म्हणाल्या,

"मी चालू केला होता गं."

"काय?"

"बॉयलर. भांडी तेलकट होती, पाणी कोमट येत होतं. तो आत आहे हे विसरले. दिवा तू पाहिलास की नाही, तेवढंच विचारत होते रोज. माझ्या हाताने गेलं माझं पोर."

चाळीस दिवस! बाईने हे चाळीस दिवस पोटात ठेवलं, आणि मी तिला शिव्या घालत होते.

"आई, आपल्या बॉयलरने नाही झालं. तुम्ही दाबलं, न दाबलं, सारखंच. करंट खालून आला, मिलुनकडून. पाइपाला बांधलेल्या तारेतून. क्रस्ताने माझ्यासमोर शोधलं."

"शपथ?"

"तिहोमीरची शपथ."

त्यांनी ताट दूर सारलं. गहू सांडले. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "तार कोणी बांधली ती?"

"कोण जाणे. असेल कुणी वायरमन."

"हात झडोत मेल्याचे!"

मी खाली वाकून गहू गोळा करायला लागले.

"झडोत, आई," मी म्हणाले.