उलट्या टाक्यांचा पडदा

चाळीस वर्षं मी एकच गोष्ट सांगत आले आणि चाळीस वर्षं आमच्या घरात तिच्यावर खसखस पिकत आली. लग्नाआधी मी राजवाड्यात काम केलंय. एवढं म्हटलं की धाकट्या नणंदबाई विचारणारच, "मग सिंहासन कसलं होतं हो वहिनी, सोन्याचं की चांदीचं?" मला सांगता यायचं नाही. कसं येणार? आम्हा शिवणाऱ्या मुलींना शिंपीमास्तर मागच्या दारानं आत न्यायचे, तळघरात बसवायचे आणि संध्याकाळी त्याच दारानं बाहेर काढायचे. तीन महिने दरबाराच्या पडद्यांना अस्तर लावलं, पण दरबार काही दिसला नाही. झालं, माझं नाव पडलं 'राणीसाहेब'. भाजीत मीठ कमी पडलं तरी राणीसाहेबांना सवय नाही!

म्हणून ज्येष्ठ मंडळींची अर्ध्या दिवसाची सहल राजवाड्याला निघाली, तेव्हा पहिलं नाव मी दिलं. दुसरं नणंदबाईंनी. मला उघडं पाडायला, दुसरं काय!

दरबारात शिरले आणि पाय जागीच थांबले. सहा खिडक्या, बारा पडदे, छतापासून जमिनीपर्यंत लाल मखमल. मांडीवर घेऊन शिवलेलं ते ओझं टांगल्यावर एवढं देखणं दिसत असेल, हे मला ठाऊकच नव्हतं. डोळेच भरून आले हो.

गाईड घडाघडा बोलत होता, "पडदे दोनशे वर्षांचे. आजवर एक टाकासुद्धा बदललेला नाही."

"साफ खोटं!" मी म्हणाले. "मखमल असेल जुनी. अस्तर आणि खालची दुमड आम्ही शिवलीय."

"झालं सुरू," नणंदबाई म्हणाल्या. सगळे हसले. गाईडनं घड्याळ पाहिलं. "आजी, साडेबाराला बस सुटते. चला पुढे."

आजी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पडद्यांपुढे बांधलेल्या दोरीपाशी वाकले आणि एकेका पडद्याची खालची कड बघत निघाले. चौथ्या खिडकीशी थांबले. डावीकडच्या पडद्याचा कोपरा किंचित ओढला गेला होता. स्वतःचा हात कोण विसरतं?

मी डावखुरी. माझे टाके इतरांच्या उलट बाजूला कलतात, म्हणून मास्तर बोटांवर पट्टी मारून मला उजव्या हातानं शिवायला लावायचे. शेवटच्या दिवशी ते जरा बाहेर गेले, तशी मी सुई डाव्या हातात घेतली आणि एक अख्खी दुमड उरकली. परत येऊन त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. उसवायला वेळ नव्हता. "राहू दे, अस्तर उलटून बघतंय कोण!" म्हणाले.

खिडकीशी हातमोजे घातलेल्या एक बाई वहीत काहीतरी टिपत होत्या. पडद्यांची देखभाल त्यांच्याकडे. मी सरळ म्हटलं, "बाई, तेवढा हा पडदा उलटून बघा. टाके उलटे कललेले असतील. कोपऱ्यात लाल दोरा संपला होता, तिथे बोटभर निळा असेल. नसेल, तर जन्मात राजवाड्याचं नाव काढणार नाही."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" नणंदबाई खूश.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग दोरीपलीकडे जाऊन गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी कोपरा अलगद उलटला.

बोटभर निळा दोरा. जसाच्या तसा.

"तुम्ही?" बाई उठल्या. "अहो, आठ वर्षं मी शोधतेय हे कुणी शिवलं ते! बाकी अकरा पडद्यांच्या दुमडी सुटल्या, आम्ही नव्यानं घातल्या. हिचा एक टाका ढिला नाही."

अकरा सुटल्या! मास्तर, ऐकताय ना? मला हसू आवरेना, रडू आवरेना. गाईडचं तोंड एवढंसं झालं होतं.

बाईंनी वही पुढे केली. "या पडद्यापुढे जागा कोरी ठेवलीय. नाव लिहा."

मास्तरांनी आणि त्याआधी शाळेनं लावलेल्या सवयीनं मी पेन उजव्या हातात घेतलं. मग डाव्या हातात घेतलं. खाली बसचा हॉर्न वाजायला लागला. गाईड काही बोलणार, तोच नणंदबाई माझी पिशवी काखोटीला मारून त्याच्यावर कडाडल्या, "थांबायला सांग त्या ड्रायव्हरला! आमच्या वहिनी सही करतायत."