भिडेखातर तीन

“नोंग, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे जीव जातोय. आज किती?”

जोविताने पेन उचललं. समोरच्या बाकावर पिलेमोन अवघडून बसला होता. या म्हाताऱ्या कोळ्याला अख्खं बेट मानाने नोंग म्हणायचं. कॅन्सर मणक्यात उतरला होता, तरी केसांना तेल आणि शर्टाला इस्त्री.

“तीन,” तो हसून म्हणाला. “तुझ्या सुयांनी कमाल केली, पोरी.”

नर्स जोविताने पेन कागदावर टेकवलंच नाही. आठवड्यापूर्वी याच बाकावर तो नऊ म्हणाला होता, तेही लेकीने डोळे वटारल्यावर. फिलिपिन्समधल्या सेबूच्या या इस्पितळात नव्या औषधाची चाचणी चालू होती. समुद्रातल्या शंखात राहणाऱ्या गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं औषध. दुखणं थांबवेल, पण अफूच्या गोळ्यांसारखं गुंगवणार नाही, ओकायला लावणार नाही, अशी डॉक्टरांची आशा. पिलेमोनच्या पोटात त्या गोळ्या ठरतच नव्हत्या. हे औषध लागू पडलं असतं तर उरलेले चार महिने तो माणसासारखा जगला असता.

पण पहिला आठवडा सगळ्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं, असा नियम. पाण्यानेच ज्याला बरं वाटेल, तो बाद. आणि हे नर्सने आधी फोडायचं नाही.

“नीट आठवा, नोंग. खरंच तीन?”

“अगं, डॉक्टरीणबाई मनिलाहून येतात, तू रोज उन्हातान्हाची बोटीने आमच्या बेटावर सुई टोचायला येतेस. आणि मी तोंड वर करून नऊ म्हणू? लाज आहे की नाही मला? तीन लिही.”

शेजारच्या बाकावर मासळीवाली देल्फिना बोंबलत होती, “दहा! अकरा असेल तर अकरा लिहा! मेल्यांनो, पाणी टोचता की काय?” तिला दुपारपासून खरी सुई सुरू होणार होती. घ्या, हा न्याय!

जोविता डॉक्टरीणबाईंकडे धावली. “मॅडम, त्यांनी भिडेने सांगितलंय.”

“भीड मोजायचं यंत्र आहे तुझ्याकडे?” बाई थकल्या होत्या, दुष्ट नव्हत्या. “आज त्याचा आकडा बदलला, तर उद्या कुणाकुणाचा बदलू? हेच औषध पुढे हजारोंना द्यायचंय, जोविता.” त्यांनी पिलेमोनच्या नावावर आडवी रेघ मारली.

परत येऊन तिने त्याला सगळं सांगितलं.

“पाणी?” तो म्हणाला.

“हो, नोंग. आता खरं सांगा, किती?”

चोरी कबूल करावी तसं त्याने इकडेतिकडे पाहिलं. “नऊ. पहाटे दहासुद्धा होतं.”

“मग बोलला का नाहीत हो!” ती रडकुंडीला आली. तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि स्वतःचाही.

“मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं देतायत म्हणजे औषध चांगलंच असणार. माझंच अंग करंटं.”

तेवढ्यात त्याची लेक रुसेला आली. हाँगकाँगला एका घरी तिची घरकामाची नोकरी ठरली होती. बापाच्या दुखण्यापायी तीन महिने तिने जाणं लांबवलं होतं. पिलेमोनने जोविताची बाही घट्ट धरली. “ते पाणी होतं, हे तिला सांगू नकोस,” तो पुटपुटला, आणि मोठ्याने म्हणाला, “सुट्टी दिली गं मला! सुधारलो म्हणे, आता सुया नकोत.”

“खरं, सिस्टर?”

जोविताने तोंड उघडलं. म्हातारा तिच्याकडे बघत होता.

“कागदावर तीन आहे,” ती म्हणाली.

“बघा! गुण येईल, मी म्हणत नव्हते?” रुसेलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने जोविताचा हात कपाळाला लावला. “मग मी शुक्रवारी निघू, बाबा? हाँगकाँगच्या बाई आता थांबायच्या नाहीत.”

“नीघ, नीघ. इथे काय अंडी घालणार आहेस?”

तिने त्याला दंडाला धरून उठवलं. तो उभा राहिला, त्याने एक लांब श्वास घेतला. दारातून कुणीतरी बाई कण्हत आत येत होती. पिलेमोन भिंतीला टेकून बाजूला झाला आणि ती पुरती आत येईपर्यंत तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.