चौथं माणूस

टक् करून भाताच्या कुकरचं बटण वर उडालं आणि हिएन दचकली. इतका वेळ खोलीत तोमच्या झोपेतल्या श्वासाखेरीज काही नव्हतं.

तिने आधी पलंगाकडे पाहिलं. चार वर्षांची तोम कुशीवर वळली, ओठ चाटले आणि पुन्हा झोपली. तोम म्हणजे कोळंबी. जन्मली तेव्हा ती तशीच गुलाबी आणि वाकडी होती, म्हणून तोआनने लेकीचं हे घरातलं नाव ठेवलं. खरं नाव फक्त पासपोर्टात होतं.

पासपोर्ट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, त्यांची भाषांतरं, भाषांतरांवरचे शिक्के. सगळं जमिनीवर ओळीने मांडलेलं. शिंचू शहराचा नेहमीचा वारा खिडकीवर आदळायला लागला तशी हिएनने एकेका कागदावर एकेक चमचा ठेवला.

उद्या साडेनऊला तैपेईत व्हिसाच्या कार्यालयात हजर व्हायचं होतं. तोआन सात महिन्यांपूर्वी जर्मनीत, ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात रुजू झाला होता. आता या दोघींनी त्याच्याकडे राहायला जायचं होतं. दोघी मूळच्या व्हिएतनामच्या, पण तैवानातल्या पाच वर्षांच्या वास्तव्याचं कार्ड होतं म्हणून कार्यालयवाले अर्ज इथूनच घेऊ म्हणाले होते. ते कार्ड आणखी नऊ आठवडे चालणार होतं. उद्या एखादा कागद अपुरा निघाला तर पुढची तारीख कार्ड संपल्यावरची. मग सामान बांधून मायदेशी जायचं आणि तिथल्या रांगेत शेवटी उभं राहायचं. तोमने बाबांना पुन्हा कधी बघायचं, ते त्या रांगेवर.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची खूण होती. एकच राहिली होती. ‘पती, पत्नी व अपत्य एकत्र असलेली छायाचित्रे, निरनिराळ्या काळातील.’ हे काय, फोटोंनी फोन भरलाय, म्हणून तिने ते शेवटाला ठेवलं होतं.

फोन उघडला आणि पाच मिनिटांत तिच्या लक्षात आलं. तिने तोआनला व्हिडिओ लावला. तिकडे सकाळ होती; तो दात घासत होता.

“अरे, आपल्या तिघांचा एकही फोटो नाहीये.”

“काहीतरीच! शेकड्याने असतील.”

“आहेत. सगळ्यांत आफो आहेत.”

त्याचा ब्रश थांबला. मग तो तोंडातल्या फेसासकट हसायला लागला.

तिघांनी मिळून फोटो काढायचा नसतो, मधल्याचं आयुष्य घटतं. हे तोआनची आई सांगायची, हिएनची आईही सांगायची. तोआन दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली संगणकाच्या चिप तपासणारा माणूस, हिएनने इथल्याच विद्यापीठात एम.ए. केलेलं, दोघांचाही असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण तोम झाली, आणि फोटोत मधे उभी राहणार ती तोमच. मग कशाला विषाची परीक्षा बघा? फोटो निघायची वेळ आली की दोघांपैकी कुणीतरी जिन्यात जाऊन हाक मारायचं, “आफो, वर या, फोटो!” आणि खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण पेंगबाई शिलाईचं मशीन थांबवून, गळ्यातला टेप तसाच ठेवून, पुटपुटत चौथ्या माणसाची जागा भरायला यायच्या. आफो म्हणजे पेंगबाईंच्या हक्का भाषेत आजी. तोम बोलायला लागल्यापासून घरात सगळे त्यांना आफोच म्हणत.

“कापून टाक ना,” तोआन म्हणाला. “कडेलाच तर असतात.”

हिएन कापायला बसली. पहिला फोटो दवाखान्यातला. तिथे तोम आफोंच्याच हातात होती; आफो कापायच्या तर तोमही जाणार. दुसरा कंदिलांच्या सणाचा. आफो गेल्या, पण तोआनच्या खांद्यावर त्यांचा हात राहिला, भुताटकी असल्यासारखा. तिसऱ्यात टेपचं टोक. चौथ्यात कोपर. एकातून तर त्यांना काढल्यावर तोम हवेतच तरंगायला लागली.

“पोरी, माझं डोकं कुठं गेलं?”

हिएनने मान वर केली. मोहरीच्या पाल्याच्या सूपचं भांडं घेऊन आफो मागे उभ्या होत्या आणि चष्म्यावरून फोनकडे बघत होत्या.

“आफो, ते... कार्यालयाला फक्त आम्हा तिघांचेच हवेत.”

“म्हणून मुंडकं उडवलंस? आणि हात ठेवलास तो ठेवलास, नखं तरी बघायचीस. त्या दिवशी कापली नव्हती.”

“सॉरी, आफो.” हिएनला हसू येत होतं आणि कानही तापले होते.

आफोंनी भांडं ठेवलं, गुडघ्यावर हात टेकत कागदांच्या कडेला बसल्या आणि फोन हातात घेतला. अंगठ्याने एकेक फोटो शेवटपर्यंत सरकवत गेल्या.

“कापड कुठं कापलंय ते शिंपिणीला दिसतं. साहेब काय आंधळा आहे? तो म्हणेल, इथं काहीतरी लपवलंय. सगळे आख्खे ने. मीही येते.”

“तुमचं दुकान?”

“एका नवरीचा झगा आहे. ती दर आठवड्याला जाडी होतेय. एक दिवस थांबले तर एकदा उसवायचं तरी वाचेल.”

तोम जागी झाली होती. पलंगावरूनच म्हणाली, “आफो, मला सूप.”

*

काचेपलीकडे दोघं होती. पुढे चिउ नावाची तरुण तैवानी कारकून आणि तिच्या मागे करड्या दाढीचा उंच जर्मन अधिकारी. कागद एकेक करून सरकत गेले, चिउच्या खुणा होत गेल्या. आफो मागच्या खुर्चीत तोमला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग फोटो आले. चौदा. अधिकाऱ्याने ते पत्ते मांडावेत तसे पसरले.

“ही बाई कोण?” त्याने जपून, एकेक शब्द ठेवत चिनीत विचारलं.

“आमच्या घरमालकीण.”

“दवाखान्यात?”

“हो.”

“समुद्रावर?”

“हो.”

“इथे केकवर ‘लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा’ लिहिलंय.”

“हो,” हिएन म्हणाली. “त्या दिवशीही.”

“तुम्हा तिघांचा एकही नाही?”

रात्री तिने जर्मन भाषेतली चार वाक्यं पाठ केली होती. त्यांतलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं. “साहेब, ते... मूर्खपणाच आहे. पण आम्ही तिघं कधी...”

चिउने मान खाली घातली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. “मधल्याला काही होतं म्हणून?” तिने हळूच विचारलं.

हिएनने होकारार्थी मान हलवली.

चिउ अधिकाऱ्याकडे वळून भराभर बोलली. मग हिएनला म्हणाली, “आम्ही तीन भावंडं. आजी प्रत्येक फोटोत कुत्रा आणून बसवायची. एकदा कुत्रा पळाला तर बदक धरलं होतं.”

अधिकारी हसला नाही. त्याने एक फोटो उचलला, मागच्या खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. “त्यांना बोलवा.”

आफो तोमला कडेवर घेऊन आल्या. टेप आजही गळ्यात होता; काढायचा राहून गेला होता.

“या मुलीच्या वडिलांना तुम्ही ओळखता?”

“ओळखते?” आफोंनी काचेवर बोट ठेवलं. “गळा साडेपंधरा. डावा खांदा अर्धा इंच खाली, एकाच खांद्यावर बॅग लटकवतो ना, सांगून ऐकत नाही. पोर झाली तेव्हा कंबर बत्तीस होती. बायकोचं बाळंतपण आणि पोट याचं सुटलं, छत्तीस. तुमच्याकडं थंडी म्हणून जाताना कोट मीच शिवला. तिकडं जाऊन वाळला असणार. हिला कोट बारीक करायला शिकवलंय मी. टाका वाकडा घालते, पण घालते. आता ही इथं आणि कोट तिथं, तर तो माणूस हिवाळाभर पोत्यात हिंडायचा का, साहेब?”

चिउ हे सगळं जर्मनमध्ये सांगत होती तेव्हा अधिकाऱ्याची दाढी हलली. त्याने नकळत स्वतःचा डावा खांदा जरा वर उचलला. मग चौदाही फोटो गोळा केले, कडा जुळवल्या आणि फायलीत ठेवले.

“अर्ज पूर्ण आहे,” तो म्हणाला. “मायदेशी जायची गरज नाही. कार्ड संपायच्या आत उत्तर मिळेल. मला अडचण दिसत नाही.”

हिएनने कठडा धरला. काचेखालून चिउने दोघींचे फोटो असलेल्या दोन गुलाबी पावत्या सरकवल्या आणि त्यांच्यासोबत एक टॉफी.

दाराबाहेर येताच तिने फोन लावला. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं, पण तोआन रात्रभर जागाच होता. “झालं!” एवढं ती म्हणाली आणि पलीकडून अशी आरोळी आली की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. शेजारच्या भिंतीवर कुणीतरी धपाधप मारलं, तेही ऐकू आलं.

“कंबर विचार त्याला,” आफो म्हणाल्या.

“आफो विचारतायत, कंबर किती?”

“तेहतीस! सांग त्यांना, तेहतीस!”

“बघ, म्हणलं नव्हतं?” आफोंनी विजयाने टेप गळ्यातून ओढून काढला, बोटाभोवती गुंडाळला आणि पिशवीत टाकला. “चला आता. स्टेशनवरचा जेवणाचा डबा घेऊ, पोर्क चॉपवाला. आज मी देणार. वाटेत कुणी वाद घालायचा नाही.”

तोम पायरीवर बसली होती. टॉफी गालात, गुलाबी पावत्या मांडीवर. तिने एक पावती उचलली, त्यावरच्या आईच्या फोटोला बोट लावलं आणि आपल्या उजव्या बाजूला ठेवली. दुसरीवरचा स्वतःचा फोटो ओळखून खुदकन हसली आणि ती डाव्या बाजूला ठेवली. मग रिकाम्या मांडीकडे पाहिलं. उठून फ्रॉक झटकला. खाली वाकून पायरीच्या फटीतही पाहिलं.

“आई,” ती म्हणाली, “आफोचा कागद कुठाय?”