एक ठेवलंय तुमच्यासाठी

थोरलीने उभं आयुष्य रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढण्यात घालवलं. ज्याची नस कुणालाच सापडत नसे, त्याला तिच्यापुढे आणून बसवायचे. "मूठ आवळा बघू," असं ती म्हणेपर्यंत काम झालेलं असायचं. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी वर्गणी काढून तिला एक चांगला कॅमेरा दिला. सुट्टीच्या दिवशी पाखरं बघत रानोमाळ हिंडणाऱ्या या बाईला दुसरं काय द्यायचं? पुढे तिने लांब पल्ल्याची लेन्स घेतली, भाचीने ब्लॉग काढून दिला, आणि ब्लॉगचं नाव तिने स्वतःच ठेवलं, 'कोण उडालं?'

धाकटी बहीण लग्नानंतर परदेशात स्थायिक झालेली. तिचा नवरा जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यावरच. तिचं कपडे मापात करून द्यायचं दुकान होतं. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. दुकानाच्या मागे दोन खोल्या. "चार दिवस ये गं, भिंतींशी बोलून कंटाळले," असं तिने फोनवर म्हटलं आणि थोरली आली. बघता बघता चार दिवसांचा चांगला ऋतूभर मुक्काम झाला.

शहर परकं, भाषा परकी, पण पाखरांना त्याचं काय? थोरली सकाळी थर्मासमध्ये चहा भरायची आणि मिळेल त्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायची. नदीचा गाळ, रेल्वेचं पडीक आवार, कारखान्यामागचं तळं, एकही जागा तिने सोडली नाही. संध्याकाळी परतली की धाकटी शिवणयंत्रावर आणि थोरली तिच्या शेजारी कापडाच्या ढिगावर लॅपटॉप ठेवून, अशा दोघी बसायच्या. फोटो चढायचे, सोबत मजकूर. त्यात पाखरांइतकंच बाकीचंही असायचं. थर्मासचं गळकं झाकण, बसमध्ये झोपलेला कंडक्टर, धाकटीचं दुकान, समोरचा औषधवाला. वाचणारे मोजके, पण जीव लावून वाचणारे.

मग तिला ससाणी सापडली.

शहराच्या टोकाला एक बंद पडलेली दगडखाण होती. खाली पावसाचं साचलेलं हिरवं पाणी, तीन बाजूंनी उभे कडे, आणि काठावर वजनकाट्याची पत्र्याची खोली. त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या कड्यावरची एक कपार नीट दिसे. कपारीत बहिरी ससाण्याची जोडी आणि तीन पिल्लं होती. पांढऱ्या लवेचे तीन गोळे. थोरलीला रात्री झोप लागेना. "अगं, बाळंतीण तू आहेस की ती?" धाकटी म्हणाली.

घरट्याचा पत्ता कुठे छापायचा नसतो, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. तिने फक्त फोटो टाकले. खाली बऱ्याच प्रतिक्रिया आल्या. त्यात एक नवा वाचक होता, 'वाटसरू' नावाचा.

'ताई, तुमचं वाचून घरी जाऊन आल्यासारखं वाटलं. मीही याच शहरात असतो. कित्येक महिन्यांत कुणाशी मराठीत बोललो नाही.'

थोरलीचा जीव कळवळला. परमुलखात आपलं माणूस! तिने लांबलचक उत्तर लिहिलं. वाटसरूही रोज लिहू लागला. मराठी अगदी शुद्ध, बोलणं मर्यादशील. प्रश्नही जाणकाराचे. उजेड कुठल्या बाजूने येतो? आई शिकार घेऊन किती वेळाने परतते? पिल्लांच्या पाठीवर पिसं फुटली का? थोरली हौसेने सगळं सांगायची. एकदा त्याने विचारलं, घरटं नेमकं कुठे आहे? 'तेवढं गुपित राहू द्या,' तिने लिहिलं आणि पुढे हसरा चेहरा टाकला.

'अगदी बरोबर,' त्याचं उत्तर आलं. 'त्या गंजक्या क्रेनच्या बाजूने संध्याकाळी ऊन छान येत असेल, नाही?'

थोरली वाचतच राहिली. तिने आधीचे फोटो उघडले. एका फोटोच्या कोपऱ्यात, पिल्लाच्या डोक्याच्या वर, खाणीतल्या मोडक्या क्रेनचा नखाएवढा तुकडा आला होता. तिच्या स्वतःच्याही तो लक्षात आला नव्हता.

"हुशार असेल एखादा," धाकटी म्हणाली. "तू पण ना, उगीच जिवाला घोर लावून घेतेस."

फोटो तिने काढून टाकला. दोन दिवस खाणीकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रतिक्रिया आली: 'आज पण आला नाहीत, ताई? तब्येत बरी आहे ना?'

आपण गेलो नाही हे कळायला कुणीतरी तिथे बसलेलं असायला हवं.

ही गोष्ट तिने धाकटीला लगेच सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारातून परतली, तर धाकटी खुशीत होती. "अगं, आज दुकानात आपला माणूस आला होता! जॅकेटची झिप बदलून घेतली. काय गोड बोलतो! तुला विचारत होता. म्हणाला, ताईंना सांगा, पिल्लं मोठी झालीत, आता येऊन बघून जा."

थोरलीच्या हातातली पिशवी खाली पडली आणि बटाटे शिवणयंत्राखाली गडगडत गेले.

"तू या दुकानात असतेस ते त्याला कसं कळलं?" धाकटीने विचारलं आणि विचारता विचारताच तिचा चेहरा उतरला. औषधवाल्यासमोरचं दुकान. थोरलीनेच तर लिहिलं होतं.

त्याच दुपारी दोघी वनखात्याच्या कचेरीत गेल्या. तिथे एक अधिकारी बाई होती, केस बारीक कापलेली, टेबलावर फायलींचा डोंगर. थोरलीचं बोलणं धाकटी तिला तिच्या भाषेत सांगत होती.

"त्याने धमकी दिली का?" बाईने विचारलं.

"नाही. फार गोड बोलतो."

"मग तक्रार काय लिहू?"

थोरलीने धाकटीचा हात दाबला. "तिला सांग, तो पिसं फुटली का ते विचारत होता."

धाकटीने सांगितलं. बाईच्या हातातलं पेन थांबलं. तिने खुर्ची पुढे ओढली. "अशी पिल्लं चोरून विकतात," ती म्हणाली. "लव असताना नेली तर मरतात. पिसं फुटायला लागली की नेतात. परवा सकाळपासून मी तिथे माणूस बसवते. आधी होणार नाही, माणसंच नाहीत माझ्याकडे. तोवर तुम्ही तिकडे फिरकू नका."

म्हणजे कधी न्यायचं ते थोरलीनेच त्याला दिवसागणिक सांगितलं होतं. रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी तिने लेन्स पुसायला घेतली तेव्हा धाकटीने ओळखलं.

"ताई, ती बाई नको म्हणालीये."

"लांबून बघते फक्त. पिल्लं आहेत एवढं बघते आणि येते."

"एकटी नाही जायचं." धाकटीने दुकानाला कुलूप लावलं. जाताना मोठी कात्री पर्समध्ये टाकली. "काही नाही गं," ती म्हणाली, "धीर असतो जरा."

भर दुपार होती. खाणीत चिटपाखरू नव्हतं. पाणी इतकं निवांत की कडे त्यात उलटे उभे होते. दोघी पत्र्याच्या खोलीत शिरल्या आणि दार लोटलं. थोरलीने कॅमेरा खिडकीत टेकवला, लेन्स कपारीवर आणली. तीनही पिल्लं होती. तिने सुस्कारा सोडला.

आणि तेवढ्यात कपारीवरून एक दोर खाली पडला.

दोराला धरून एक माणूस सावकाश उतरत होता. वर कड्यावर दुसरा माणूस दोर सोडत होता. ससाणी कुठूनशी सुटली आणि किंचाळत त्याच्यावर झेपावली. तिचं ते 'कॅक कॅक कॅक' सगळ्या खाणीत घुमलं. माणसाने डोक्यावर हात धरला, पण थांबला नाही.

"फोन लाव, त्या बाईला फोन लाव," थोरली कुजबुजली.

"रेंज नाही," धाकटी म्हणाली. ती फोन कोपऱ्याकोपऱ्यात धरून बघत होती. "ताई, रेंज नाहीये!"

थोरलीने बटण दाबलं. माणसाचा चेहरा लेन्समध्ये स्वच्छ दिसत होता, तरुण, चष्मेवाला, एखाद्या बँकेत काउंटरमागे शोभेल असा. तिने पुन्हा दाबलं. त्या शांततेत शटरचा आवाज तिला टाळी वाजवल्यासारखा वाटला. माणसाने मान वळवली. सरळ तिच्या खिडकीकडे बघितलं. आणि दोराला लटकल्या लटकल्या हात हलवला.

"हाच," धाकटी म्हणाली. "झिपवाला हाच."

पळायचं तर वाट एकच, आणि ती त्या कड्याखालूनच जात होती. दोघी जमिनीवर बसल्या, दाराला पाठ लावून. लहानपणी वीज कडाडली की धाकटी थोरलीच्या कुशीत तोंड खुपसायची, तशीच आताही तिला बिलगली. बाहेर ससाणी ओरडत होती. मग फक्त खडीवर पावलं वाजू लागली. पावलं थेट दाराशी थांबली.

दारावर हलकी टकटक झाली.

"ताई, चहा आहे का? थर्मास आणलाच असेल तुम्ही."

धाकटीने पर्स छातीशी ओढली.

"घाबरू नका हो. आपलेच आहोत. दार मोडायला लावू नका, शोभत नाही ते."

थोरली उठली. धाकटीने तिचा पदर ओढला, पण दुसरा इलाज नव्हता. दार उघडलं. तो एकटाच उभा होता, कपाळावर ससाणीच्या नखाचा ओरखडा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीच्या आत काहीतरी खरवडत होतं आणि बारीक फुसकारत होतं. धाकटीने बसवलेली झिप गळ्यापर्यंत ओढलेली होती.

थोरलीने खरंच चहा ओतला. आयुष्यभर नेमकी नस गाठणारा तिचा हात, पण अर्धा चहा पेल्याबाहेर सांडला.

"गळतंय अजून झाकण," तो हसून म्हणाला. चहा त्याने सावकाश प्यायला. मग हात पुढे केला. "कार्ड द्या, ताई."

तिने कॅमेऱ्यातून मेमरी कार्ड काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. शहाणपण, युक्ती, काही म्हणजे काही सुचलं नाही. भीतीपुढे डोकं चालतच नव्हतं. पण निघता निघता तो म्हणाला "येतो," तेव्हा तिच्या तोंडून शब्द सुटले, "तिघांनाही नेलंत?"

"छे. एक ठेवलंय तुमच्यासाठी." त्याने पिशवी खांद्यावर नीट केली. "ब्लॉग बंद पडायला नको ना. अशी घरटी आम्हाला कुठे दिसतात? शोधणारी नजर तुमची. तुम्ही लिहीत राहा, ताई. मी वाचत असतो."

पावलं दूर गेली. धाकटीच्या हातात कात्री होती. ती कधी पर्समधून काढली, तिला आठवत नव्हतं.

रेंज मिळाल्याबरोबर त्यांनी अधिकारी बाईला फोन केला. तिने रस्त्यांवर गाड्या तपासायला लावल्या, पण तोवर ते दोघे पसार झाले होते. चेहऱ्याचं वर्णन दोघींनी पुन्हा पुन्हा सांगितलं; त्याचं पुढे काही झालं नाही. बाई मात्र शब्दाला जागली. खाणीवर पहारा बसला. थोरली पहारेकऱ्याजवळ बसून उरलेल्या पिल्लाकडे बघत राहायची, कॅमेऱ्याशिवाय. एका सकाळी ते कपारीच्या टोकाशी आलं, पंख फडफडवले, आणि पडता पडता सावरत उडून गेलं. पहारेकऱ्याने आनंदाने तिच्या पाठीवर थाप मारली. तिने पटकन वळून मागे कोण आहे ते बघितलं.

ब्लॉग तिने पुसून टाकला. वर्षानुवर्षांची पाखरं गेली. वाचणाऱ्यांनी ईमेल पाठवून विचारलं, काय झालं? तिने कुणालाच उत्तर दिलं नाही. त्यांतलं कोण खरं कोण आहे, काय सांगावं?

परतायच्या आदल्या आठवड्यात ती धाकटीसाठी दोरे घ्यायला बसने निघाली होती. फोनवर धाकटीशी बोलली, "हो गं, काळा आणि करडा, लक्षात आहे," आणि फोन ठेवला. पुढच्या बाकावरची एक म्हातारी बाई गर्रकन वळली. तिचे डोळे भरून आले होते.

"अगं बाई, मराठी का तुम्ही? किती दिवसांनी कानावर पडलं हो! कुठे राहता इथे?"

थोरलीने तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली, समजलं नाही अशी, आणि त्या परक्या भाषेतले तिला येणारे दोन-तीन शब्द पुटपुटली. बाई ओशाळली. "माफ करा, मला वाटलं..." म्हणत पुढे तोंड करून बसली. तिची मान खाली गेलेली थोरलीला पुढच्या थांब्यापर्यंत दिसत होती. तिथेच थोरली उतरली आणि उरलेली वाट चालत गेली.

घरी आल्यावर तिने धाकटीला हे सांगितलं आणि खाणीतल्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा रडली.

"भेटेल गं ती परत," धाकटी म्हणाली. "त्याच बसने येत-जात असेल. उद्या मी येते तुझ्याबरोबर, दोघी बोलू तिच्याशी."

"आणि तिला कुणी पाठवलेलं असलं तर?"

धाकटीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, करडा दोरा यंत्राला ओवला, आणि थोरली तिच्या शेजारी उसवायला आलेला कोट घेऊन बसली.