शेवटचा रकाना

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर गुलाबी कागदांचा ढीग लागला होता. गुलाबी म्हणजे निवृत्ती फंडाची कपात बंद करायचा फॉर्म. एरवी वर्षाकाठी चार-पाच येतात, घरी लग्न निघालं किंवा दुखणं उपटलं की. त्या आठवड्यात बुधवारपर्यंत त्रेसष्ट आले. शेअर बाजार दोन महिन्यांत असा काही आपटला होता, की आमच्या काचेच्या कारखान्यात कुठे बाटली फुटली तरी लोक म्हणायचे, "आणखी पडला वाटतं!"

मी पगार विभागात एकोणीस वर्षं आहे. पाठीमागे सगळे मला शिक्काबाई म्हणतात, मला माहीत आहे. म्हणोत. दर महिन्याला प्रत्येकाच्या पगारातून ठरलेली रक्कम कापून मी फंडाकडे पाठवते, फंड तिचा बराचसा भाग शेअर बाजारात लावतो, आणि वर्षातून एकदा मी प्रत्येकाच्या हातात स्लिप ठेवते. कपातीत काही बदल करायचा तर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चारच्या आत. चार वाजून एक मिनिटाने आलात तर तुम्ही माझे सख्खे भाऊ असलात तरी मी शिक्का उचलत नाही.

आता खरं सांगते. त्या ढिगाखाली, ड्रॉवरमध्ये, चौसष्टावा फॉर्म होता. माझा. भरलेला, सही केलेला, फक्त शिक्का मारायचा बाकी. माझी जमा रक्कम दोन महिन्यांत बरीच उतरली होती. आमचे हे शिवणकाम करायचे. आता डोळे अधू होत चाललेत. डॉक्टरांनी सांगितलंय, सहा-सात वर्षं दिसेल, पुढचं सांगता येत नाही. मी बावन्नची. साठाव्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे अजून आठ वर्षं. हिशेब तुम्हीच करा. यांना दिसत असताना थोडे दिवस तरी मला घरी असायचं होतं. त्यासाठी जमवत होते, आणि तेच डोळ्यांदेखत वितळत होतं.

रांगेतला जो तो मला एकच विचारायचा. "जावईबापूंनी बंद केलं का हो?"

जावईबापू म्हणजे आमच्या भट्टीचे मुख्य कारागीर. भट्टीला सगळे सासूबाई म्हणतात, कारण तिचा पारा कधी उतरत नाही आणि तिला एक दिवस उपाशी ठेवून चालत नाही. तिची मर्जी सांभाळणारा तो जावई. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. कमी बोलणारा माणूस, पण त्याने काय केलं ते बघून अर्धा कारखाना चालतो. आणि त्याचा गुलाबी फॉर्म काही आला नव्हता.

मला वाटलं, विसरला असेल. आणि हेही सांगते, मला तेच हवं होतं. त्याने बंद केलं की मी बिनघोर बंद करणार होते. गुरुवारी दुपारी एक कोरा फॉर्म घेऊन मी स्वतःच भट्टीकडे गेले. एकोणीस वर्षांत चार वेळाही तिकडे गेले नसेन. तोंड भाजतं माझं.

"या ताई," जावईबापू म्हणाले. "वाट कशी चुकलात?"

"तुमच्यासाठी कागद आणलाय. उद्या चारपर्यंत मुदत आहे. नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका."

त्यांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "हा कुणाला तरी उपयोगी पडेल," म्हणाले.

मला रागच आला. "अहो, आठ महिने राहिलेत! गेलंय किती ते पाहिलंत का?"

"रक्कम ना? पाहिली की. बरीच उतरलीय. झोप उडाली होती दोन दिवस." आणि अगदी सहज म्हणाले, "निवृत्तीनंतरची पहिली दोन-अडीच वर्षं भागतील एवढं पाच वर्षांपासून थोडंथोडं करून ठेवीच्या कप्प्यात हलवलंय. तिथे बाजार नाही. उरलेल्याला मी हात लावणार नाही. भाव मला कुठे कळतो ताई, मी आपला शेवटचा रकाना बघतो."

"कुठला शेवटचा रकाना?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, की मी त्यांना माझंच नाव विचारलं असावं. मग लोखंडी कपाट उघडून एक फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

आता इथे मला माझं एक पाप सांगावं लागेल. आमचा प्रिंटर स्लिप छापताना उजवीकडची बोटभर जागा खातो. पहिल्या दिवसापासून. दोनदा मशीन बदललं तरी खातोच. त्या जागेत शेवटचा रकाना असतो: युनिट. म्हणजे फंडातले आपले हिस्से किती. रक्कम म्हणजे त्या सगळ्या हिश्श्यांची आजच्या भावाने किंमत. कारखान्यातल्या साडेतीनशे माणसांपैकी एकानेही त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. अपवाद जावईबापू. दर वर्षी स्लिप घेऊन खिडकीशी यायचे, "ताई, शेवटचा रकाना तेवढा हाताने लिहून द्या." मी दर वर्षी करवादायचे, "त्यात काय सोनं ठेवलंय? रक्कम छापलीय ना!" आणि स्क्रीनवर बघून आकडा खरडून द्यायचे. लिहिला की विसरले.

फाइलमध्ये एकोणीस स्लिपा होत्या. प्रत्येकीच्या उजव्या कडेला माझं अक्षर. सुरुवातीचं वळणदार, नवी नोकरी होती तेव्हाचं. मग निळ्या शाईतलं, मग हिरव्या. एका वर्षी मनगट प्लास्टरमध्ये होतं, तेव्हा डाव्या हाताने लिहिलेलं, कोंबडीचे पाय उमटावेत तसं. माझीच एकोणीस वर्षं माझ्यासमोर पडली होती, आणि मला त्यातलं एकही आठवत नव्हतं.

"अकरा वर्षांपूर्वीची बघा," ते म्हणाले. "तेव्हाही असंच कोसळलं होतं."

मी बघितली. छापलेली रक्कम नऊ लाखांवरून सात लाखांवर आलेली. आणि कडेला माझ्या अक्षरातला आकडा? आधीच्या वर्षी सहा हजार एकशे चाळीस, त्या वर्षी सात हजार वीस. एरवी वर्षाला सहाशे-सातशेने वाढायचा. पडझडीच्या वर्षी जवळजवळ नऊशेने वाढलेला. कपात तेवढीच, पण भाव पडला म्हणून हिस्से जास्त आले. मी पुढची काढली, मागची काढली. रक्कम वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. तो कडेचा आकडा मात्र, ते ठेवीकडे वळवायला लागेपर्यंत, एकदाही खाली आला नव्हता. एकदाही नाही हो! हे मीच लिहिलं होतं. माझ्या हाताने, करवादत करवादत.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?" मी स्लिप हातातून न सोडताच विचारलं.

"कुणी नाही. मला आपली सवय. भट्टीत रोज किती कच्चा माल पडला ते लिहायचं, बाटल्यांना भाव काय मिळाला ते मालकाने बघायचं." मग हसले. "भाव पुन्हा वर येईलच असं मी छातीठोक सांगत नाही हं ताई. उद्याचं मला काय कळतंय? या, आलाच आहात तर सासूबाईंचं दर्शन घेऊन जा."

त्यांनी निळ्या काचेचा चौकोन माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि भट्टीचं छोटं झाकण सरकवलं. आत काच होती. पांढरीफटक, तळ्यासारखी, आणि जवळजवळ निश्चल. नऊ वर्षांत एक दिवस विझलेली नाही, ते म्हणाले. मी तोंड भाजतंय हे विसरून बघत राहिले. पन्नास पावलांवर बसून मी एकोणीस वर्षं बाटल्यांच्या आवाजावर वैतागत होते, आणि हे इथे होतं.

ऑफिसात परतले आणि दार लावून घेतलं. स्क्रीनवर माझं स्वतःचं खातं उघडलं. रकाना होताच. कायमच होता. मी जावईबापूंचा दर वर्षी शोधून द्यायचे, माझा एकदाही बघितला नव्हता.

दोन हजार तीनशे अठरा. पुढच्या वर्षी, दोन हजार तीनशे अठरा. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. चौथ्या वर्षी तेच.

मी कपाळाला हात लावला. अकरा वर्षांपूर्वी बाजार पडला तेव्हा मी कपात बंद केली होती. यांना म्हणाले होते, "दोन महिन्यांत सुरू करते." सुरू केली चार वर्षांनी, सगळं पुन्हा चढून महाग झाल्यावर. स्वस्ताई होती तेव्हा दार लावून बसले आणि महागाईत पिशवी घेऊन निघाले! अठ्ठावन्नला घरी येते, असं मी यांना कबूल केलं होतं. नंतर ते साठ कसं झालं, हे मी कधी नीट तपासलंच नाही. भाव वाढले, खर्च वाढले, असंच सांगत आले. त्या चार सारख्या आकड्यांनी माझी दोन वर्षं खाल्ली होती. यांना दिसत असतानाची दोन वर्षं. मी तिथेच बसून रडले, आणि मग रडणं पुरे म्हणून प्रिंटरकडे वळले.

शुक्रवारी सकाळपर्यंत कारण सापडलं. पहिल्या दिवशी मी कागदाचं माप चुकीचं निवडलं होतं, आणि नव्या मशीनवर दर वेळी तेच इमानेइतबारे पुन्हा भरलं होतं. एक खूण बदलली, की झालं. स्लिप बाहेर आली ती अख्खी.

त्रेसष्ट जणांना खिडकीशी बोलावलं. प्रत्येकाला सगळ्या वर्षांचा कागद दिला. "हा शेवटचा रकाना बघा. मी काही ज्योतिषी नाही, पुढे काय होईल विचारू नका. बघा आणि मग सांगा." सत्तावीस जणांनी फॉर्म परत घेतले. अकरा जणांनी कपात बंद न करता निम्मी केली. बाकीचे ठाम राहिले. पॅकिंगमधली एक बाई म्हणाली, "ताई, मला आकडा कळला. पण घरभाडं थकलंय." तिचं बरोबरच होतं. तिच्या फॉर्मवर मी शिक्का मारला. चौसष्टावा फॉर्म मी चार वाजता फाडला.

संध्याकाळी घरी गेले तर हे खिडकीपाशी बसून चाचपडत सुईत दोरा ओवत होते. मी माझा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकापर्यंत नेला, उजेडात फिरवला.

"मुंग्या दिसताहेत नुसत्या," म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिहून दे."

मी वहीचं पान घेतलं आणि एकोणीस वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहिले, बोटभर उंचीचे. ते एकेक मोठ्याने वाचायला लागले. मला ऐकवेना. तरी ऐकत उभी राहिले.

"दोन हजार तीनशे अठरा. दोन हजार तीनशे अठरा. दोन हजार... अगं, चार वेळा तोच आकडा लिहिलास. लक्ष कुठेय तुझं?"

"लक्ष आहे," मी म्हणाले. "दोन महिने म्हणाले होते, पण तेवढी वर्षं मी काहीच भरलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं नाही. अठ्ठावन्नचं साठ त्यामुळे झालं."

यांचं बोट त्या चार आकड्यांवर एकदा वरून खाली गेलं, एकदा खालून वर. रागावले असते तर बरं झालं असतं. मग बोट पुढे सरकलं आणि पानाच्या तळाशी जाऊन थांबलं.

"यंदाची वाढ सगळ्यांत मोठी आहे की गं."

"हो. बंद नाही केलं या वेळी."

त्यांनी पानाची नीट घडी घातली, कापडाची घालतात तशी, कडेला कड जुळवून, आणि सुयांच्या डबीत ठेवली.

"पुढच्या वर्षीही मोठ्या अक्षरात लिही," म्हणाले. "दिसतंय तोवर मीच वाचणार."