जिन्यातला दिवा

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कादंबरी लिहून संपवली आणि घरात जाहीर केलं, की आता एजंट शोधायचा. नवऱ्याने विचारलं, एजंट विम्याला असतो, घराला असतो, गोष्टीला कशाला? बाईंनी समजावलं, नवख्या लेखकाला प्रकाशक दारात उभं करत नाहीत. हस्तलिखित आवडलं तर एजंट ते त्यांच्या गळी उतरवतो. म्हणजे आधी एजंटाच्या गळी उतरवायचं, नवरा म्हणाला. हे मात्र त्याचं खरं होतं.

कादंबरी वडिलांवर होती. ते लांब पल्ल्याचे ट्रकचालक. महिनोन्‌महिने बाहेर, आणि आले की घर डोक्यावर घेणारे. पेशंट नसताना दवाखान्यात बसून बाईंनी त्यांचं एकूणएक उट्टं काढलं होतं. वडील आता थकून बाईंच्या भावाकडे राहत होते आणि बापलेकीचं बोलणं फोनवर, औषधांपुरतंच चाले.

काही एजंटांनी नकार कळवला, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. बाईंनी आशा जवळजवळ सोडली होती, तेव्हा एका म्हाताऱ्या एजंटबाईंचं बोलावणं आलं. यांच्यानंतर यादीत कुणीच उरलं नव्हतं.

खोलीत भिंतभर पुस्तकं होती, पण टेबल रिकामं. हस्तलिखिताचा पत्ता नाही. वाचलंच नसणार, असं वाटून बाईंचं अवसान गळालं. एजंटबाईंनी चष्मा पुसत आपली रीत सांगितली. प्रकाशकाला वाचायला वेळ नसतो, त्याला गोष्ट तोंडी सांगावी लागते. म्हणून त्या आधी लेखकालाच सांगत. त्याला ती आपली वाटली तर पुस्तक घेत, नाहीतर परत. मध्ये बोलायचं मात्र नाही.

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. समोर कागदाचा कपटा नव्हता. डिझेलचा वास मारणारा शर्ट आला, टेबलाखाली लपणारा भाऊ आला, वडिलांनी भिंतीवर फेकलेलं ताट आलं. एक माणूस सुटला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना आ करायला सांगणाऱ्या बाई स्वतःच आ वासून ऐकत होत्या. आपण लिहिलेलं हे सगळं एका परक्या बाईच्या पोटात जाऊन राहिलंय, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

पण ऐकता ऐकता त्यांना काहीतरी वेगळंच दिसू लागलं. दर प्रकरणात जिन्यातला दिवा रात्रभर जळत होता. वडिलांच्या नावाने बोटं मोडत आई झोपायला जाई, पण तो विझवत नसे. बाईंनी तो लिहिला होता वाढत्या विजेच्या बिलावरून घरात होणारी भांडणं दाखवायला.

"एक दिवस बल्ब जातो," एजंटबाई म्हणाल्या, "आणि घरातली सगळ्यात रागावलेली पोरगी स्टुलावर चढते आणि नवा लावते."

त्या थांबल्या.

"ही वाट बघणाऱ्या घराची गोष्ट आहे. तुमचीच ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. बाईंनी लिहिला होता तो बापाचा पंचनामा, त्यात वाट बघणं कुठून आलं? निव्वळ एजंट मिळावा म्हणून खोटं हो म्हणायलाही त्यांची जीभ रेटेना. मग त्यांना ते स्टूल आठवलं, त्याचा डगमगणारा पाय आठवला. बल्ब लावायला त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं.

"माझीच," बाई म्हणाल्या. "लिहिली मी. पण कळली आत्ता."

एजंटबाईंनी खणातून हस्तलिखित काढून टेबलावर ठेवलं, म्हणजे पुस्तक त्यांनी स्वीकारलं. मग म्हणाल्या, "प्रकाशकांना मी सांगते. त्या ट्रकवाल्यांना कोण सांगणार?"

बाहेर येऊन बाईंनी नवऱ्याला फोन केला, यायला उशीर होईल म्हणून. त्याने विचारलं, एजंट मिळाला का?

"मिळाला," बाई म्हणाल्या. "मी भावाकडे चाललेय. बाबांना एक गोष्ट सांगायचीये."